एमआरआय तंत्रज्ञाचे काम नेमके काय असते?

सुलभा_मिरज | १४ जून, रात्री ९.१०

नमस्कार. माझी धाकटी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली असून तिला रेडिओग्राफीच्या पदवीसाठी अर्ज करायचा आहे आणि पुढे एमआरआय विभागात काम करायचे आहे. हा विचार तिच्या मनात आला तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. मागच्या महिन्यात ताईच्या कमरेचा एमआरआय झाला, तेव्हा मुलगी सोबत होती. अंगात धातूचे काही आहे का, कधी शस्त्रक्रिया झाली आहे का, हृदयात यंत्र बसवले आहे का, हे प्रश्न ताईला तीन वेळा विचारले गेले: एकदा अर्ज भरताना, एकदा कपडे बदलताना आणि एकदा अगदी दाराशी. ताई वैतागली. मात्र तिसऱ्या वेळी तिला आठवले की अंबाड्यात दोन आकडे तसेच राहिले आहेत. ते आकडे काढून हातात घेणाऱ्या तंत्रज्ञ बाईंचा चेहरा मुलीच्या लक्षात राहिला.

घरात मात्र एकमत नाही. रुग्णाला आत सरकवायचे, बटण दाबायचे आणि चित्रे डॉक्टरांकडे पाठवायची, यात इतकी वर्षे शिकण्यासारखे काय आहे, असे माझ्या यजमानांना वाटते. सासूबाईंना किरणांची काळजी वाटते. माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगी अबोल आहे, पण कामात फार काटेकोर आहे. तिला हे काम मानवेल का? या क्षेत्रातील मंडळींनी कामाचे खरे स्वरूप सांगावे, ही विनंती.

अनिकेत_नाशिक | १४ जून, रात्री १०.०२

सुलभाताई, मी चौदा वर्षे एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम करत आहे. "बटण दाबणे" हा दिवसातील सर्वांत छोटा भाग असतो.

सकाळी आल्यावर आम्ही प्रथम यंत्राची विचारपूस करतो. चुंबक थंड ठेवणाऱ्या हीलियमची पातळी किती आहे, चिलर म्हणजे थंड पाणी फिरवणाऱ्या यंत्राचे तापमान ठरलेल्या मर्यादेत आहे का, खोलीतील ऑक्सिजन मोजणारे उपकरण चालू आहे का, आणि हीलियम थंड ठेवणाऱ्या कोल्ड हेड या भागाचा तो एकसुरी "चिक-चिक" आवाज नेहमीसारखा येतो आहे का, हे पाहतो. तो आवाज इतका अंगवळणी पडतो की थांबला तर पाठमोरे असतानाही कळते. त्यानंतर फँटम म्हणजे द्रव भरलेला एक ठोकळा आत ठेवून चाचणी स्कॅन करतो आणि प्रतिमेचा दर्जा कालच्याइतकाच आहे याची नोंद करतो.

मग रुग्ण येतात. डॉक्टरांची चिठ्ठी वाचणे हेही काम आहे. "कंबरदुखी, डाव्या पायात मुंग्या" असे लिहिले असेल तर एक प्रोटोकॉल म्हणजे स्कॅनची ठरलेली पद्धत, "पूर्वी कर्करोग, आता पाठदुखी" असे असेल तर वेगळा, आणि "ताप व पाठदुखी" असेल तर क्षयाची शक्यता धरून आणखी वेगळा. चिठ्ठीवर फक्त "एमआरआय स्पाइन" एवढेच असेल तर रुग्णाला विचारावे लागते आणि गरज पडल्यास डॉक्टरांना फोन करावा लागतो.

ज्या प्रश्नांनी आपल्या भगिनी वैतागल्या ते प्रश्न हा आमच्या कामाचा कणा आहे. पेसमेकर, कानाच्या आत बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यांपैकी काही असेल तर त्याचा पूर्ण तपशील मिळाल्याशिवाय रुग्णाला आत घेता येत नाही. एकाच प्रश्नाला माणूस पहिल्यांदा सवयीने "नाही" म्हणतो. दुसऱ्यांदा विचारल्यावर तो विचार करतो. तिसऱ्यांदा त्याला आठवते.

भास्कर_सर | १४ जून, रात्री १०.४०

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. या चर्चेत एक गोष्ट आरंभीच स्पष्ट व्हावी असे वाटते, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज जीवघेणा ठरतो. स्कॅन सुरू केला की चुंबक सुरू होतो आणि संपला की बंद होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चुंबक रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशी आणि खोलीत दिवा नसतानाही चालू असतो. निओबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी द्रवरूप हीलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेली असतात. त्या तापमानाला तारेचा विद्युतरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. १.५ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. शिवाय यंत्राच्या तोंडाशी हे क्षेत्र इतक्या झपाट्याने वाढते की दोन पावले मागे जाणवतही नसलेली ओढ पुढच्या पावलाला हातातली वस्तू हिसकावून घेते.

स्कॅनच्या वेळी जो ठोक-ठोक आवाज येतो, तो ग्रेडियंट कॉइलचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात जागोजागी किंचित फरक करणाऱ्या वेगळ्या वेटोळ्याचा असतो. क्षणोक्षणी प्रवाह बदलल्यामुळे ती कॉइल थरथरते. तो आवाज थांबला म्हणजे चुंबक थांबला, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे.

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री ११.१५

सुलभाताई, सासूबाईंना निश्चिंत राहायला सांगा. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, रेडिओ लहरी असतात. एक्स-रे आणि सीटी विभागातील कर्मचारी छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बिल्ला लावतात. माझा भाऊ केवळ एमआरआय विभागात असतो आणि त्याला तो बिल्ला लागत नाही.

सई_देवरुख | १५ जून, सकाळी ७.३०

सुरक्षिततेला माझा विरोध नाही, पण एक शंका आहे. सोने लोहचुंबकाकडे ओढले जात नाही, हे शाळेत शिकवले जाते. तरीही माझ्या आईला मंगळसूत्र, जोडवी आणि बोटातील सोन्याची अंगठी, सगळे काढायला लावले. आईने पन्नास वर्षांत मंगळसूत्र काढले नव्हते. ती रडली. हे खरोखर आवश्यक होते, की केवळ नियम म्हणून केले गेले?

अनिकेत_नाशिक | १५ जून, सकाळी ८.१५

सईताई, आपल्या आईंना झालेला त्रास मी समजू शकतो, कारण हा प्रसंग आमच्यासमोर आठवड्यातून एकदा तरी येतो. शुद्ध सोने ओढले जात नाही हे खरे. परंतु मंगळसूत्राचा फासा, मणी ओवलेली तार किंवा मध्ये कधीतरी घातलेली छोटी कडी कशाची आहे, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रेडिओ लहरींमुळे धातूच्या बंद वेटोळ्यात विद्युत प्रवाह निर्माण होतो आणि ते तापते. गळ्यातील साखळी म्हणजे असे बंद वेटोळेच. मानेच्या स्कॅनमध्ये तर त्या धातूमुळे नेमका पाहायचा भागच काळा पडतो.

अशा वेळी मी मंगळसूत्र मुलीच्या किंवा सुनेच्या हातात देतो आणि "काकू, पंचवीस मिनिटे यांच्याकडे सांभाळायला देऊ या" असे म्हणतो. विभागातील एक ज्येष्ठ परिचारिका गळ्यात बांधण्यासाठी हळदीचा साधा सुती दोरा ठेवत असत. तेवढ्याने कितीतरी बायकांचे मन निवांत झालेले मी पाहिले आहे. नियम पाळायचाच असतो. तो कसा पाळून घ्यायचा, हे मात्र प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतः शिकावे लागते.

आपल्याकडे लक्ष ठेवण्याच्या जागा पुस्तकात नसतात. पदराची सेफ्टी पिन, पोलक्याचे हूक, गजऱ्याचा आकडा, कमरेचा करगोटा, दंडातील ताईत, कवळी, वेदनेसाठी लावलेली चुंबकाची पट्टी, आणि जरीचे काठ. म्हणूनच स्वतःच्या कपड्यांवर कोणालाही आत न घेता रुग्णालयाचा सुती झगा घालायला देणे चांगले.

सई_देवरुख | १५ जून, सकाळी ८.५०

हळदीच्या दोऱ्याची कल्पना फार आवडली. वेटोळ्याचे कारण त्या वेळी कोणी दोन वाक्यांत सांगितले असते, तर आईने स्वतःहून मंगळसूत्र काढून दिले असते. आपल्या उत्तराबद्दल आभारी आहे.

डॉ_क्षमा | १५ जून, दुपारी २.२०

मी रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे ही चित्रे पाहून निदान करणारी डॉक्टर आहे. तंत्रज्ञाच्या कामाचे मोल मला अहवाल लिहिताना रोज कळते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

सुलभाताईंच्या बहिणीच्या कमरेचेच उदाहरण घेऊ. कमरेला साधारणपणे पाच मणके असतात, पण काहींमध्ये शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जुळलेला असतो, तर काहींमध्ये एक मणका जादा दिसतो. केवळ कमरेची चित्रे पाहून मणके मोजले तर मोजणी चुकू शकते आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर चुकीच्या पातळीवर जाऊ शकतो. चांगला तंत्रज्ञ न सांगता मानेपासून खालपर्यंत दिसणारे एक झटपट चित्र घेऊन ठेवतो, म्हणजे वरून मोजत खाली येता येते. त्याला एक मिनिटही लागत नाही. ज्या तपासणीत ते चित्र नसते, त्या रुग्णाला कधीकधी पुन्हा बोलवावे लागते.

छेद कोणत्या कोनात घ्यायचे, हेही तंत्रज्ञ ठरवतो. मणक्यांमधील चकतीला समांतर छेद घेतला नाही, तर नस दबली आहे की नाही हे निश्चित सांगता येत नाही. पोटाच्या तपासणीत रुग्णाचा श्वास कुठे रोखायचा, किती वेळ तो रोखू शकतो, नसेल रोखू शकत तर कोणता सिक्वेन्स (एका प्रकारच्या चित्रांची एक फेरी) बदलायचा, हे निर्णय कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीला त्या क्षणी घ्यावे लागतात. प्रतिमेत दिसणारी रेघ ही रक्तवाहिनीच्या स्पंदनाची सावली आहे की खरा आजार, असा संशय आला तर फेज एन्कोडिंगची दिशा (अशा सावल्या चित्रात ज्या दिशेने पसरतात ती) बदलून तो सिक्वेन्स पुन्हा घ्यायचा असतो. रेघ जागा बदलते की नाही, यावरून उत्तर मिळते. रुग्ण टेबलावरून उतरल्यानंतर हे मला माझ्या खोलीतून करता येत नाही.

एक प्रसंग सांगते. एका रात्री बोलण्यात अडखळणाऱ्या गृहस्थांना आमच्याकडे आणले होते. त्यांचा सीटी स्कॅन स्वच्छ होता. एमआरआयचा पहिला डिफ्यूजन सिक्वेन्स (पेशींभोवतीच्या पाण्याची हालचाल दाखवणारा) पडद्यावर आला आणि मेंदूच्या डाव्या भागात पांढरा ठिपका पाहताच तंत्रज्ञाने उरलेल्या सिक्वेन्सची वाट न पाहता मला फोन केला. पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी सामान्य दिसू शकतो, डिफ्यूजनमध्ये मात्र बदल काही मिनिटांत उमटतो. निदान करणे हे त्याचे काम नव्हते. हे थांबवून ठेवण्यासारखे नाही, एवढे ओळखणे त्याचे काम होते.

राजेंद्र_इस्लामपूर | १५ जून, रात्री ८.४५

वरील सर्व मान्य करूनही मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. अनिकेतरावांनी लिहिलेले चित्र आदर्श आहे. मी ज्या केंद्रात काम केले, तेथे दिवसाला तीसच्या आसपास रुग्ण असत आणि एका वेळी एकच तंत्रज्ञ. नोंदणी, कपडे बदलणे, सलाइनची सुई, स्कॅन, फिल्म आणि नातेवाइकांची समजूत, सगळे त्याच्याकडेच. सुरक्षिततेचा अर्ज नातेवाईक बाहेर बसून भरत आणि सर्व प्रश्नांपुढे "नाही" अशी खूण करत. रुग्ण आत असताना मी कन्सोल सोडला तर दाराकडे कोण पाहणार? एकदा मी सुई लावत असताना एक गृहस्थ चाकाची लोखंडी खुर्ची ढकलत दारापर्यंत आले होते. सफाई करणाऱ्या मावशींनी ती खुर्ची मागे ओढली. त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही, ती त्यांच्यामुळे.

मुलीला या क्षेत्रात पाठवताना सुलभाताईंनी हेही जाणून घ्यावे. जबाबदारी तंत्रज्ञाची असते, पण ती पार पाडायला लागणारी माणसे आणि वेळ देणे त्याच्या हातात नसते.

अश्विनी_फोंडा | १५ जून, रात्री ९.३०

राजेंद्रदादांच्या मुद्द्याला दुजोरा देते. मी गोव्यात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडून रुग्ण एमआरआयला नेताना त्याच्याबरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर, शिरेतून औषध सोडणारा इन्फ्यूजन पंप आणि मॉनिटर असतो, शिवाय आमच्या खिशात कात्री असते. नेमक्या अशाच वेळी सगळे घाईत असतात. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका रुग्णाचा तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि यंत्राकडे ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. त्याआधी २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात टेबलावर असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा जीव अशाच एका सिलिंडरने घेतला होता. दोन्ही ठिकाणी साधा लोखंडी सिलिंडर होता. आत नेण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा सिलिंडर मिळतो.

आमच्या तंत्रज्ञ मुलीने एक नियम घालून दिला आहे. आमचा स्ट्रेचर तिच्या दाराबाहेर थांबतो, रुग्ण तिच्या चुंबकविरहित ट्रॉलीवर जातो, आणि आम्ही सर्वजण खिसे रिकामे करून तिला दाखवतो. मोठ्या डॉक्टरांनाही ती सोडत नाही. सुरुवातीला आम्हाला हा उद्धटपणा वाटला होता. आता आम्ही नव्या परिचारिकांना सांगतो की त्या दारात तिचा शब्द शेवटचा.

मिलिंद_लेस्टर | १६ जून, पहाटे २.१०

मी इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर आहे. येथे ही पदवी घेतल्यानंतर नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला रेडिओग्राफर म्हणवून घेता येत नाही, कारण ते नामाभिधान कायद्याने संरक्षित आहे. काम मात्र तेच आहे आणि भीतीही तीच आहे.

जागेची आखणी हा राजेंद्ररावांच्या अडचणीवरच्या उपायाचा एक भाग आहे. अमेरिकेतील २००१ च्या मृत्यूनंतर तेथील रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी) चार विभागांची पद्धत मांडली, ती आता अनेक देशांत वापरली जाते. पहिला विभाग सर्वांसाठी खुला, दुसऱ्यात प्रश्न विचारून तपासणी, तिसऱ्यात केवळ तपासलेल्या माणसांना कुलूपबंद प्रवेश, आणि चौथा म्हणजे प्रत्यक्ष चुंबकाची खोली. चौथ्या विभागाचे दार तंत्रज्ञाच्या नजरेसमोर असलेच पाहिजे. जागा अशी बांधलेली असेल, तर एकट्या माणसालाही निदान दुसरे कुलूप मदतीला असते. सुलभाताई, मुलगी उद्या नोकरीसाठी मुलाखतीला गेली, तर पगाराबरोबर एका पाळीत किती तंत्रज्ञ असतात हेही तिने विचारावे.

वैदेही_अंबाजोगाई | १६ जून, सकाळी १०.२५

मी या क्षेत्रातील नाही. केवळ रुग्ण म्हणून लिहिते आहे. मला बंद जागेची भीती वाटते. पहिल्या वेळी मी नळीत गेल्या-गेल्या ओरडले आणि तपासणी अर्धवट राहिली. तेथील तंत्रज्ञ चिडून म्हणाले की तुमच्यामुळे पुढचे सगळे रुग्ण खोळंबले. दुसऱ्या वेळी दुसऱ्या केंद्रात गेले, तेथील मुलाने मला आधी यंत्र दाखवले, दोन्ही बाजू उघड्या आहेत हे दाखवले, हातात रबरी फुगा दिला आणि तो दाबला की काय होते हे दाबून बघायला लावले. प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी तो मायक्रोफोनवरून सांगत होता, "आता चार मिनिटांचा आहे, ठोकल्यासारखा आवाज येईल," आणि संपल्यावर, "छान, अजून तीन राहिले." बावीस मिनिटे मी हलले नाही. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते.

अनिकेत_नाशिक | १६ जून, दुपारी १.०५

वैदेहीताई, आपला पहिला अनुभव वाचून वाईट वाटले. रुग्ण हलला की चित्र बिघडते, आणि घाबरलेला रुग्ण हलतोच. म्हणून धीर देणे हा चांगले चित्र मिळवण्याचा भाग आहे.

टेबलावर झोपवताना आम्ही ज्या बारीक गोष्टी करतो, त्यांचे कारण रुग्णाला सहसा माहीत नसते, ते येथे सांगतो. वजन विचारतो, कारण शरीरात किती रेडिओ ऊर्जा शोषली जाईल याचा हिशेब यंत्र त्यावरून करते. संपूर्ण शरीरासाठी नेहमीची मर्यादा किलोमागे २ वॉट आहे. वजन अंदाजाने भरले तर हिशेबच चुकतो. हात एकमेकांवर ठेवू देत नाही आणि उघड्या मांड्या किंवा पोटऱ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड ठेवतो, कारण त्वचेला त्वचा लागली तरी वेटोळे तयार होते आणि भाजू शकते. सईताईंच्या मंगळसूत्राचे जे तत्त्व, तेच हे. तपासायच्या भागावर ठेवलेल्या, संदेश टिपणाऱ्या कॉइलची वायर सरळ ठेवतो, अंगावर गुंडाळी पडू देत नाही. कानात बोळे घालतो, कारण आवाज १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. गुडघा असो की डोके, तो भाग बरोबर मधोमध आणतो, कारण चुंबकीय क्षेत्र मध्यभागीच सर्वांत एकसारखे असते.

दत्ता_वाळूज | १६ जून, सायंकाळी ६.४०

वडिलांचा अनुभव सांगावासा वाटतो. ते तीस वर्षे लेथ आणि ग्राइंडरवर काम करून निवृत्त झाले. मेंदूच्या एमआरआयसाठी गेलो असता अर्जातील सर्व उत्तरे "नाही" होती. आत नेण्याआधी तंत्रज्ञांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "बाबा, नोकरी कुठे केलीत?" वडिलांनी सांगताच ते थांबले आणि डोळ्यात कधी कण गेला होता का, असे विचारले. वडील म्हणाले, "किती वेळा गेला असेल, कंपनीचा डॉक्टर काढायचा." डोळ्यांचा एक्स-रे काढला आणि उजव्या डोळ्यात धातूचा बारीक कण दिसला. त्या दिवशी एमआरआय झाला नाही. डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर भागवले.

"डोळ्यात धातू आहे का?" या प्रश्नाला वडिलांनी खरेच उत्तर दिले होते, कारण त्यांना तो कण ठाऊकच नव्हता. "नोकरी कुठे केलीत?" हा प्रश्न त्या तंत्रज्ञांना सुचला नसता तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनात येतो.

डॉ_क्षमा | १६ जून, रात्री ८.००

दत्ताजी, हा अनुभव मी आमच्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. चुंबकीय क्षेत्रात असा कण फिरला तर दृष्टी जाऊ शकते. त्या तंत्रज्ञांनी नेमका प्रश्न विचारला.

ओंकार_हिंजवडी | १६ जून, रात्री १०.५०

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. आता रुग्णाची जागा कॅमेरा ठरवतो, छेदांची आखणी संगणक स्वतः करतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने कमी वेळात घेतलेली चित्रे स्वच्छ करता येतात. त्यामुळे दहा वर्षांनी या कामाला किती माणसे लागतील, याचा विचार सुलभाताईंनी करावा असे वाटते.

स्नेहल_अकोला | १७ जून, सकाळी ९.१५

ओंकार, आपण सांगितलेल्या सोयी आमच्याकडे दोन वर्षांपासून आहेत आणि मला त्या आवडतात. गुडघ्याच्या छेदांची आखणी संगणक माझ्याइतकीच नीट करतो. पण गुडघ्यात स्क्रू असेल, मेंदूत मोठी गाठ असून मध्यरेषा सरकलेली असेल किंवा रुग्णाचा पाठीचा कणा वाकडा असेल, तर त्याची आखणी मला मोडून पुन्हा करावी लागते. ती चुकली आहे हे ओळखण्यासाठी आधी मला ती स्वतः करता यावी लागते. वाचलेल्या वेळाबाबत माझा अनुभव राजेंद्रदादांच्या बाजूचा आहे. स्कॅन लवकर होऊ लागले तेव्हा रुग्णांची संख्या वाढवण्यात आली, पण प्रश्न विचारायला मिळणारा वेळ वाढला नाही. आम्ही दोघी तंत्रज्ञांनी लेखी विनंती केल्यानंतर केवळ रुग्णांची पूर्वतयारी आणि विचारपूस करण्यासाठी एक जागा मंजूर झाली.

सुलभाताई, आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण मीही अबोल आहे. या कामात गप्पिष्ट असण्याची गरज नसते. मोजके, स्पष्ट आणि त्याच शांतपणे तिसऱ्यांदा बोलता आले पाहिजे. अवघड जाते ते दुसरेच. स्कॅन संपल्यावर नातेवाईक दारात उभे असतात आणि विचारतात, "मॅडम, काही आहे का?" पडद्यावर आपण गाठ पाहिलेली असते. चेहऱ्यावर काही न दाखवता "अहवाल डॉक्टर देतील, उद्या दुपारी मिळेल" एवढेच सांगायचे असते. पहिली दोन वर्षे मला हे जमत नव्हते आणि घरी गेल्यावर जेवण जात नसे.

कृष्णाकाठ | १७ जून, सकाळी १०.००

स्नेहलताई, येथे माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याला दिसले आहे त्याने दोन शब्द सांगितले तर नातेवाइकांची एक रात्र तरी तळमळीत जाणार नाही.

स्नेहल_अकोला | १७ जून, सकाळी १०.४०

आपली कळकळ समजते, पण मी स्वतः यात एकदा चुकले आहे. नवी असताना एका आजोबांच्या मुलाला "काळजीचे काही दिसत नाही" असे म्हणाले. मी पाहिलेला भाग खरोखर स्वच्छ होता. आमच्या डॉक्टरांना मात्र चित्राच्या कडेला मूत्रपिंडावर गाठ दिसली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी गंभीर काही वाटले तर ताबडतोब डॉक्टरांना सांगते आणि नातेवाइकांना अहवालाची नेमकी वेळ सांगते. त्या वेळेत अहवाल मिळावा म्हणून पाठपुरावाही मीच करते.

अनिकेत_नाशिक | १७ जून, दुपारी १२.३०

शिक्षणाविषयी थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि त्यात रेडिओग्राफीचा विषय घेता येतो. २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला असून इमेजिंगचे तंत्रज्ञ त्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे मान्यता नसलेल्या संस्थेच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राच्या मोहात पडू नये. प्रवेश घेताना संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का आणि विद्यार्थ्यांना कन्सोलवर बसू देतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

कॉन्ट्रास्टचा, म्हणजे चित्रात काही भाग ठळक दिसावेत म्हणून द्यायच्या औषधाचा उल्लेख राहिला होता. गॅडोलिनियमचे इंजेक्शन डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिले जाते. मात्र मूत्रपिंडाचे काम कसे आहे, पूर्वी अ‍ॅलर्जी झाली होती का, स्त्री रुग्ण गरोदर आहे का, हे विचारणे आणि वजनानुसार मात्रा मोजणे तंत्रज्ञाला नीट यावे लागते.

सुलभा_मिरज | १८ जून, रात्री ९.४०

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी काल जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवला. दत्ताजींच्या वडिलांचा अनुभव ऐकून यजमान बराच वेळ गप्प होते आणि नंतर त्यांनी स्वतःच संस्थांची माहिती काढायला घेतली. सासूबाईंनी हळदीच्या दोऱ्याचा भाग दोनदा वाचायला लावला. स्नेहलताईंनी लिहिलेले मुलीने स्वतः वाचले आणि नातेवाइकांसमोर चेहरा स्थिर ठेवण्याचे आपल्याला जमेल की नाही हे आत्ताच सांगता येत नाही, असे ती म्हणाली. मला तिचे हे उत्तर प्रामाणिक वाटले.

तिचा एकच प्रश्न उरला आहे, तो तिच्याच शब्दांत लिहिते: "रात्रपाळीत मी असताना आत झोपलेल्या रुग्णाचे हृदय बंद पडले, तर मी पहिल्यांदा काय करायचे? लाल बटण दाबून चुंबक बंद करायचा का?"

अनिकेत_नाशिक | १८ जून, रात्री १०.२०

तिला सांगा की चुंबक बंद करायचा नाही. त्या बटणाने हीलियम उकळून बाहेर पडतो. एक लिटर द्रवाचा सातशे लिटरच्या आसपास वायू होतो आणि निचऱ्याच्या नळीत दोष असेल तर तो खोलीत भरून ऑक्सिजन कमी होतो. शिवाय क्षेत्र उतरायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो, तेवढा वेळ रुग्णाकडे नसतो. माणूस चुंबकाला चिकटून अडकला असेल, तेव्हाचे ते बटण आहे.

पहिल्यांदा मदतीसाठी हाक मारायची, टेबल बाहेर घ्यायचे, छातीवर दाब देणे सुरू करत रुग्णाला चुंबकविरहित ट्रॉलीवर खोलीबाहेर काढायचे आणि पुढचे सर्व उपचार तेथे होऊ द्यायचे. आणि बाहेर येताच दार लावून घ्यायचे, कारण धावत येणाऱ्या डॉक्टरांच्या हातात लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी घालताना वापरायचे उपकरण) असतो आणि मागून कोणीतरी सिलिंडर आणत असतो.

सुलभा_मिरज | १८ जून, रात्री १०.४५

तिने "दार लावून घ्यायचे" हे वहीत लिहून घेतले आहे. सोमवारी आम्ही दोघी सांगलीला अर्ज भरायला जात आहोत.